उरलेल्या रंगाचा दरवाजा

काका पहिल्यांदा खालच्या मजल्यावरच्या घरात शिरले तेव्हा सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. खालच्या वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तर दिवाणखान्यात काका उभे. चपला दाराशी जोडीनं काढलेल्या, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर घरच्या कर्त्या माणसाची नाराजी. "हा सोफा इथे कुणी आणला?" त्यांनी विचारलं. आवाजात अशी काही जरब होती की वहिनी म्हणाल्या, "मीच, चुकून." मग दोघांनी मिळून तो सोफा खिडकीखाली सरकवला. काका समाधानानं बसले. वहिनींनी वर निरोप पाठवला. तो सोफा नंतर खिडकीखालीच राहिला. वहिनी म्हणत, उजेड चांगला येतो तिथे.

दुसऱ्यांदाही लोक हसले, पण जरा कमी. तिसऱ्यांदा काका वहिनींच्या पलंगावर गाढ झोपले, आणि वहिनींचे यजमान कामावरून दमून आले ते नेमके त्याच वेळी. हसण्यालाही एक मुदत असते, ती त्या दिवशी संपली.

तसं पाहिलं तर दोष काकांचा एकट्याचा नव्हता. ज्यानं ती इमारत बांधली त्यानं एकच घर काढलं होतं आणि कंटाळा येईपर्यंत ते एकावर एक ठेवलं होतं. तोच जिना, तोच कठडा, तोच तपकिरी दरवाजा, त्यावर तीच पितळी मूठ. धडधाकट माणूससुद्धा हातात भाजीची जड पिशवी असली की एखादा मजला चुकायचा. फरक इतकाच, की इतरांना चूक कळायची.

आणि हे कुणाच्या बाबतीत व्हावं? काका एका मोठ्या कारखान्यात भांडारप्रमुख होते. हजारो खण, त्यांत लाखो वस्तू. दिवे गेले तरी ते अंधारात हात घालून मागितलेला नट काढून देत. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांनी काकूंचं स्वयंपाकघर लावून दिलं होतं. सगळे डबे उंचीनुसार, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, अर्धा भरलेला डबा एकही नाही. "अर्धा डबा म्हणजे दुप्पट जागा," ते म्हणत. काकूंना तेव्हा राग आला होता. नव्या नवरीला कुणी डब्यांवर व्याख्यान देतं का? पण माणूस तसा गोड. व्याख्यान झाल्यावर स्वतःच सगळे डबे पुसून द्यायचा. अशा माणसाच्या डोक्यातले खण आता एकेक करून रिकामे होत होते, आणि कुठला रिकामा झाला हे त्याला हात घातल्याशिवाय कळत नव्हतं.

मुलाचा फोन आला. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. स्वभावानं वाईट मुळीच नव्हता. वाईट असता तर काकूंना सोपं गेलं असतं.

"आई, मी एक जागा पाहून आलोय. बाबांसारखीच माणसं असतात तिथे. स्वच्छ आहे. मोठी बाग आहे."

"बाग एवढी आवडली असेल तर तूच राहा जाऊन."

"आई, आज ते खालच्या घरात गेले. उद्या फाटकाबाहेर गेले तर?"

उत्तर नसलं की त्या भाव करायच्या. बाजारात शिकलेली विद्या. बरीच ओढाताण झाल्यावर असं ठरलं, की मुलगा महिनाअखेर येईल. त्याच्यासमोर काका संध्याकाळची फेरी मारून एकटे जिना चढून आपल्या घरी बरोबर आले, तर तो विषय पुन्हा निघणार नाही. नाही आले, तर काकूंनी बॅग भरून द्यायची आणि रडायचं नाही. काकूंनी फोन ठेवला आणि बिल्डिंगमध्ये यातलं अक्षरही कुणाला सांगितलं नाही. माणसाला घराबाहेर काढायची बोलणी चालू आहेत हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

उपाय सुचवला दवाखान्यातल्या नर्सनं. काकांचं बोट टोचता टोचता ती म्हणाली, "आजी, दरवाजाला जरा वेगळा रंग देऊन बघा. कुणाकुणाला उपयोग होतो. नंबर विसरतात, पण रंग ओळखीचा वाटतो."

एवढंच ती म्हणाली. एक दरवाजा. पण काकूंचा स्वभाव असा, की बटण लावायला घेतलं तर शर्टाची कॉलर उलटवूनच उठायच्या. घरी येईपर्यंत त्यांचा बेत तयार झाला होता: बाहेरचा दरवाजा पिवळाधमक, न्हाणीघराचा निळा, झोपायच्या खोलीची भिंत हिरवी, स्वयंपाकघराची लाल. काकांना विचारायलाच नको, पाय कुठे न्यायचे ते. त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं. रंगाऱ्यानं खोल्या पाहिल्या, भिंतीवर टिचकी मारली आणि आकडा सांगितला. काकूंनी त्याला पाणी दिलं आणि त्याच्यापेक्षा जास्त स्वतःच प्यायल्या.

मग त्या रंगाच्या दुकानात गेल्या. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात निम्म्या किमतीतल्या डब्यांचा ढीग होता. कुठे झाकण चेपलेलं, कुठे बाजूनं ओघळ आलेले, बहुतेक डबे अर्धेच भरलेले.

"मावशी, हे सगळे चुकलेले रंग," दुकानदार म्हणाला. "गिऱ्हाईक मागतं आकाशी, मशीन देतं भलतंच. काही परत आलेत. हा गुलाबी एकानं बायकोसाठी नेला होता, तिनंच परत पाठवला."

"आणि हा?"

"तो कुणी नेलाच नाही."

"मग तो फुकट द्या. तुमची अडगळ कमी होईल."

दुकानदार हसला आणि तिथेच फसला. काकूंसमोर हसलेला दुकानदार कधी नफ्यात गेल्याचं कुणाला आठवत नाही. एक पिवळा, दोन निळे, एक पोपटी, एक लाल, तो सासुरवाशिणीसारखा परत पाठवलेला गुलाबी आणि तो कुणीच न नेलेला, असा लवाजमा हातगाडीवर घालून काकू परतल्या.

जिना म्हणजे बातमीपत्रच. डबे तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधी सल्ले पोचले. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर कठड्यावरून वाकून म्हणाले, "पिवळा लावू नका हो. पिवळ्यानं माणूस चिडचिडा होतो." मास्तरांचं घर आतून-बाहेरून पांढरं होतं आणि ते स्वतः अख्ख्या इमारतीत सगळ्यांत चिडके होते, पण हे त्यांना कोण सांगणार? खालच्या वहिनी म्हणाल्या, "काकू, एवढ्या रंगांचं काय? पाहुणे येणार आहेत की काय?"

"भिंतींना ओल आलीय," काकू म्हणाल्या.

"दरवाजालाही?"

काकूंनी डबा जड आहे असा चेहरा केला.

तळमजल्यावर सेक्रेटरी राहत. भला गृहस्थ, पण नियम दिसला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते लगेच वर आले. "काकू, आतून तुम्ही काहीही करा. भिंतीवर हत्ती काढा. पण बाहेरचा दरवाजा सार्वजनिक जिन्यात उघडतो. नियमात स्पष्ट आहे, तपकिरी अथवा तत्सम."

"तत्सम म्हणजे?"

"म्हणजे तपकिरीच. पण कागदावर जरा लवचिक दिसायला हवं ना."

"पिवळा बसत नाही त्यात?"

"काकू, तुम्हीच सांगा. पिवळा बसतो?"

काकूंनी अर्ज केला. समितीची बैठक सेक्रेटरींच्या घरी भरली. काकूंच्या अर्जाच्या आधी पाण्याच्या टाकीचं झाकण हा विषय होता आणि त्यात सगळा वेळ गेला, कारण झाकण कुणी तोडलं हे सगळ्यांना माहीत होतं आणि तो माणूस समोरच बसला होता. काकूंचा अर्ज शेवटी उभ्याउभ्या वाचला गेला आणि नामंजूर झाला. कुणी दुष्टपणानं केला असंही नाही. लोकांना जेवायला घरी जायचं होतं.

बैठकीहून काकू जिना चढून वर आल्या, गुडघे धरत, मनातल्या मनात समितीच्या सात पिढ्यांशी भांडत. दार उघडलं तर घरात रंगाचा वास भरलेला आणि मधोमध काका, पाटावर बसलेले, प्रसन्न. कितीतरी महिन्यांत काकूंनी त्यांना इतकं प्रसन्न पाहिलं नव्हतं. समोर कपडे भिजवायची मोठी बादली. बाजूला सगळे डबे रिकामे, पुसून स्वच्छ केलेले, उंचीनुसार लावलेले, तोंडं एका दिशेला.

"अर्धे अर्धे डबे होते सगळे," काका म्हणाले. "एक केले. किती जागा झाली बघ."

काकूंनी बादलीत पाहिलं. पिवळा गेला होता. निळा गेला होता. लाल, पोपटी, गुलाबी, सगळे एकाच देवाघरी गेले होते. त्यांच्या जागी एक रंग उरला होता, ज्याला नाव द्यायचं तर आधी काहीतरी पाप करावं लागलं असतं. त्यात एक डबा पाण्यात मिसळायच्या रंगाचा निघाला, उरलेले तेलाचे. त्यामुळे वर नासक्या दुधासारखे गोळे तरंगत होते.

काकू ओरडल्या. त्या सहसा ओरडत नसत. काटकसरीच्या बाईला तोंडाचीही काटकसर असते. पण त्या दिवशी समिती, गुडघे, मुलगा, बाग, सगळं एकदम बाहेर आलं. "काय करून ठेवलंत हे! सगळं घालवलंत! सगळं!"

काका उठून उभे राहिले. हात शर्टाला पुसले. ज्या माणसासमोर कारखान्यातले फोरमन चाचरत, तो माणूस बारक्या आवाजात म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

चुकलं म्हणून सांगितलं असतं तर उद्या त्यांना काय चुकलं ते आठवलं नसतं. चुकलं एवढंच मनात राहिलं असतं. हे काकूंना त्या क्षणी कळलं. राग जागच्या जागी बसला.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "चांगलं केलंत. मला जमलं नसतं."

मग दोघांनी बसून तो रंग जुन्या चादरीच्या फडक्यातून गाळला. चहा गाळावा तसा. गोळे वर राहिले, खाली रंग उतरला. दुसऱ्या दिवशी काकूंनी वाटीभर नमुना घेऊन सेक्रेटरींचं दार वाजवलं.

"हा तपकिरी आहे का?"

सेक्रेटरींनी वाटी उजेडात धरली, सावलीत धरली, स्वतःच्या दाराशी धरली. "तपकिरी नाही म्हणता येणार नाही," ते म्हणाले.

"पण तपकिरी म्हणताही येणार नाही."

"मग तो तत्सम झाला!" सेक्रेटरींचा चेहरा उजळला. इतकी वर्षं तो शब्द नियमात नुसता बसून होता, आज पहिल्यांदा कामी आला.

असा तो अर्ज मंजूर झाला. रंगाच्या नावावरून पुढे बरेच दिवस वाद चालला. मास्तर म्हणत, हा मुळात रंगच नाही, ही एक अवस्था आहे. वहिनींना त्यात जांभळी छटा दिसायची. दुकानदारानं नमुना पाहून सांगितलं, "मावशी, हा रंग मशीनला मागितला तर मशीन बंद पडेल." म्हणजे जगात हा रंग दुसरीकडे कुठेही नव्हता, आणि काकूंना नेमकं तेच हवं होतं.

दरवाजा दोघांनी मिळून रंगवला. काकांनी ब्रश धरला, काकूंनी डबा. पहिला हात वरून खाली, दुसरा आडवा, कडेला थेंब नको, हे सगळं काकांना व्यवस्थित येत होतं. काल काय जेवलो ते जिथे सापडत नव्हतं, तिथे ब्रश कसा निथळायचा ते मात्र जागेवर होतं. मग आतल्या खोल्यांची एकेक भिंत झाली. बादलीत तळाला गडद भाग बसत गेल्यामुळे प्रत्येक खोलीचा रंग आधीच्या खोलीपेक्षा काळवंडत गेला. न्हाणीघराच्या वाट्याला तळ आला. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागायचा. सगळं घर असं दिसू लागलं की बाहेर सकाळ असली तरी आत दिवस मावळल्यासारखा वाटावा. काकू रोज सकाळी उठून त्या भिंतीकडे बघायच्या आणि मनाशी म्हणायच्या, चला, झोप तरी लवकर येईल.

पण दरवाजानं आपलं काम केलं. त्या संध्याकाळी काका अंगणात फेरी मारून वर आले. काकू दाराआड उभ्या. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली, घुटमळली आणि पुढे चढली. बाहेरून दारावर हात फिरल्याचा आवाज आला. काका स्वतःशीच म्हणत होते, "हा आपला. हा रंग मी केलाय." काकूंनी डोळे पुसले, दार उघडलं आणि "आज लवकर आलात," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. काकूंनी मुलाला फोन करून सांगितलं, "ये तू खुशाल. आणि येताना त्या बागेचा फोटो आणू नकोस."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घात केला तो उरलेल्या रंगानं.

इतकं करूनही बादलीत रंग शिल्लक होता, आणि काकूंच्या पिढीत उरलेलं टाकणं ही गोष्ट नव्हती. गुन्हा एक वेळ माफ झाला असता, टाकणं नाही. त्यांनी बरण्या भरल्या आणि वाटल्या. मास्तरांना पुस्तकांच्या फळीसाठी, सेक्रेटरींना टाकीच्या नव्या झाकणासाठी, आणि सगळ्यांत मोठा डबा खालच्या वहिनींना, कारण त्रास सगळ्यांत जास्त त्यांना झाला होता. "एखादी पेटी-बिटी रंगवा," काकू म्हणाल्या. मग गुडघे दुखायला लागले म्हणून आठवडाभर त्या खाली उतरल्या नाहीत.

मुलगा यायच्या आदल्या संध्याकाळी काका वर आले नाहीत.

काकूंनी वाट पाहिली, मग कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. दुसऱ्या मजल्यावर त्या थबकल्या. समोर त्यांचाच दरवाजा होता. तोच रंग, तीच पितळी मूठ. क्षणभर त्यांनाही वाटलं, आपण चढलो की उतरलो? आतून काकांचा आवाज येत होता.

वहिनींनी दार उघडलं. मागे खिडकीखालच्या सोफ्यावर काका, निवांत.

"वहिनी, हे काय केलंत?"

"काय केलं? रंग लावला. छान दिसतोय ना?" वहिनी खुशीत होत्या. "तुमचा बघून आम्हालाही हौस आली."

"मी पेटीला म्हटलं होतं!"

"अहो, पण उरला तर..."

"उरला म्हणून दाराला लावायचा? जगात जागा कमी होती?"

आता वहिनींचा चेहराही बदलला. "काकू, दिलेली वस्तू कुठे वापरायची हेही तुम्हीच सांगणार का? तुमच्या घरात शोभतं ते आमच्या घरात शोभू नये? आमच्या पलंगावर चालतं, आमच्या सोफ्यावर चालतं, आणि रंग तेवढा तुमच्या एकटीचा?"

बाण वर्मी लागला. काका मात्र सोफ्यावरून शांतपणे म्हणाले, "उगाच वाद घालू नका. रंग मी केलाय. त्या रंगाचं दार माझं. साधी गोष्ट आहे."

काकू उंबऱ्यातच टेकल्या. जिन्यात, सगळ्यांच्या वाटेत. आयुष्यात कधी अशा बसल्या नव्हत्या. "उद्या मुलगा येतोय," त्या म्हणाल्या. "ह्यांना एकट्यांना घर सापडलं नाही, तर तो ह्यांना घेऊन जाणार. कायमचं. म्हणून तो रंग होता, वहिनी. ओल-बिल काही नव्हती."

वहिनी उभ्याच राहिल्या. मग त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि चिडून म्हणाल्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं? सगळी बिल्डिंग भिंतींना हात लावून ओल शोधत फिरतेय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या यजमानांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणला. नवा, पुऱ्या किमतीचा. तो लावताना काकूंचा हात जड झाला. काकांचा जुना शर्ट अंगावर चढवून, डोक्याला फडकं बांधून त्या स्टुलावर उभ्या राहिल्या. वहिनी म्हणत होत्या, "काकू, उतरा, मी लावते." काकू ऐकेनात. आपल्या हातून गेलेला रंग आपल्याच हातानं पुसायचा, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. पण तो रंग पुसला जाईना. एक हात दिला, खालून डोकावला. दुसरा दिला, तरी आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी छटा राहिली. मास्तर वरून उतरून आले, पाहिलं, आणि पहिल्यांदाच सल्ला न देता दुसरा ब्रश उचलून खालची बाजू रंगवू लागले. चिडके होते, पण पाठ दुखत असताना वाकले, हे काकूंनी लक्षात ठेवलं. दुपार कलली. तिसरा हात चालू होता तेव्हा खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

काका अंगणात फेरी मारत होते. जिन्याच्या जाळीतून काकूंना दोघं दिसले.

"आलास?" काका मुलाला म्हणाले. लगेच ओळखलं त्यांनी. त्याच्या पाठीवर थाप मारली. "वाळलास. तिकडे जेवण बरं नाही वाटतं."

"बाबा, तुम्ही व्हा वर. मी सामान काढून मागून येतो."

काकूंनी ब्रश मास्तरांच्या हातात दिला. गुडघे, कंबर, सगळं विसरून त्या वरचा जिना चढल्या, घरात शिरल्या आणि दार ओढून घेऊन मागे उभ्या राहिल्या. छाती धडधडत होती. एवढी तर काका त्यांना पहिल्यांदा बघायला आले होते तेव्हाही धडधडली नव्हती.

पावलं वर येऊ लागली. पहिला मजला. दुसरा. थांबली.

मग काकांचा आवाज आला, "वहिनी, पांढरं शोभतंय हं दाराला. जपा, ओलं दिसतंय." आणि पावलं पुन्हा चढू लागली. एक पायरी, दोन पायऱ्या, वळण, आणखी पायऱ्या. दारावर हात फिरला. घंटी वाजली.

काकूंनी दार उघडलं.

काका समोर होते. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, मायेनं. मग काकूंकडे पाहिलं. डोक्याचं फडकं, गालावरचे पांढरे ठिपके, ढगळ शर्ट.

"झालं का काम?" त्यांनी विचारलं.

"झालं," काकू म्हणाल्या.

"छान झालंय. कडेला थेंब नाही कुठे. हल्ली माणसं घाई करतात." ते जरासे पुढे वाकले आणि आवाज खाली आणला. "आमच्या घरात दाखवलंत का?"

काकूंना पटकन कळलं नाही. "कुणाला?"

"आमच्या सौभाग्यवतींना. घर त्यांचं आहे. मी आपला नावाला." काका हसले. "त्यांना आवडायला हवं. नजर फार बारीक त्यांची. आणि आवडलं नाही तरी सांगायच्या नाहीत, गप्प बसतील. मला कळतं पण. म्हणून म्हटलं, आधी त्यांना विचारा."

मुलगा हातात बॅग घेऊन जिन्याच्या वळणावर येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "आई," तो म्हणाला.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "विचारलं मी त्यांना," त्या काकांना म्हणाल्या. "आवडलंय."

"खरंच? असं म्हणाल्या?"

"म्हणाल्या, इतकी वर्षं असंच घर हवं होतं."

काकांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की मुलानं मान फिरवली. ते चपला काढून, जोडीनं ठेवून, आपल्या घरात शिरले.

"आई, हे..." मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "त्यांनी तुला..."

"घर सापडलं ना त्यांना?" काकू म्हणाल्या. "एकट्यांना, बरोबर मजल्यावर?"

"सापडलं."

"मग ठरलं तसं झालं. आता तू त्यावर काही बोलायचं नाहीस."

बॅग आत ठेवून मुलगा खुर्चीत बसला आणि त्या मावळत्या रंगाच्या भिंतीकडे बघत राहिला. काका त्याच्या शेजारी जाऊन बसले. भांडारातल्या नव्या माणसाला समजवावं तसे ते त्याच्या कानाशी लागले, पण काकूंना ऐकू आलं.

"बाई कामाच्या दिसतात रे. शांत आहेत. बाकीच्या खोल्याही ह्यांनाच देऊ. जाऊ नका म्हणावं त्यांना."

काकूंनी डोक्याचं फडकं सोडायला हात वर नेला होता. तो तसाच खाली आणला. गाठ नीट आहे ना, ते चाचपून पाहिलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "कुठल्या खोलीपासून धरू?"